पहिल्या आय.ए.त गणित कोसळलं, मदत कुणाकडं आणि कशी मागायची?

खानापूर_सेम१

नमस्कार. दहावीपर्यंत मराठी मीडियम, पी.यू.सी. (अकरावी-बारावी) सायन्स खानापुरात, आता बेळगावात इंजिनिअरिंगचं पहिलं सेमिस्टर. कॉम्प्युटर ब्रँच, व्हीटीयूची (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाची) २०२२ ची स्कीम (अभ्यासक्रम आणि परीक्षेचे नियम), कॉलेज ऑटोनॉमस नाही. पहिल्या आय.ए.त (कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेत) गणितात २५ पैकी ६ आणि सी प्रोग्रॅमिंगमध्ये ११ पडले. बाकी विषय बरे आहेत. दुसरी आय.ए. तीन आठवड्यांवर आलीय.

अभ्यास करतो खरं, गणित सोडवायला बसलं की पहिल्या दोन स्टेप येतात आणि पुढं अडतंय. वर्गात शिकवणं इंग्रजीत, मधेच कन्नडमध्ये समजावतात, दोन्ही मला लगेच लागत नाही. "सर, समजलं नाही" म्हटलं की "कुठं समजलं नाही?" असं विचारतात आणि ते सांगता येत नाही.

आधी कुणाकडं जायचं, प्रॉक्टरकडं (आमच्या गटावर लक्ष ठेवायला नेमलेल्या सरांकडं) का विषयाच्या सरांकडं? खासगी क्लास लावायचा का? घरची परिस्थिती तेवढी नाही. सी.आय.ई.त (सेमिस्टरभराच्या अंतर्गत मार्कांत) कमी पडले तर नेमकं काय होतं? आणि सकाळची बस उशिरा आली की पहिला तास जातो, तो बहुतेक गणिताचाच असतो. त्याचं काय करायचं तेवढं सांगा.

---

पाटी_खडू

गणितापुरतं सांगतो. प्रॉक्टर, क्लास हे नंतरचं. आधी तुझी ब्लू बुक (आय.ए.ची उत्तरवही) आणि प्रश्नपत्रिका समोर घे. मार्क्स दाखवून सही घेतात तेव्हा मुलं फक्त बेरीज बघतात आणि वही परत देतात. तू सरांकडं दहा मिनिटं वही मागून घे आणि त्यांनी काढलेली 'स्कीम अँड सोल्युशन' पण बघू दे म्हण. कुठल्या स्टेपला किती मार्क हे त्यात लिहिलेलं असतं.

मग गेलेल्या प्रत्येक मार्कासमोर एक अक्षर लिही. प्रश्नच कळला नाही तर 'प्र'. सूत्र आठवलं नाही तर 'सू'. सूत्र आलं पण मधे मागच्या वर्षांचं काहीतरी लागलं आणि तिथं अडलं तर 'मा'. चिन्ह किंवा आकडेमोड चुकली तर 'चि'. पहिल्या दोन स्टेप येतात आणि पुढं अडतं असं तू लिहिलंयस, त्यावरून बहुतेक मार्क्स 'मा'मध्ये गेलेत. म्हणजे नवीन धडा तुला कळलाय, त्याच्या खालचा पाया कुठंतरी सुटलाय. धडा न कळणं आणि पाया सुटणं या दोन्हींवरचा इलाज अगदी वेगळा आहे, म्हणून हे शोधणं आधी.

पहिल्या मॉड्युलमधलं (सिलॅबसच्या पहिल्या भागातलं) नेहमीचं गणित घेऊ: आर बरोबर ए गुणिले (१ + कॉस थीटा) या पोलर वक्राला त्रिज्या-सदिश आणि स्पर्शिका यांच्यामधला कोन फाय काढा. दोन्ही बाजूंचा लॉग घ्यायचा, थीटाच्या संदर्भात डिफरन्शिएट करायचं. डावीकडं '१ भागिले आर, गुणिले डीआर बाय डीथीटा' येतं, तेच कॉट फाय. उजवीकडं उणे साइन थीटा भागिले (१ + कॉस थीटा). इथपर्यंत वर्गातली जवळजवळ सगळी मुलं येतात. आता पुढं १ + कॉस थीटा म्हणजे २ कॉस वर्ग (थीटा बाय २) आणि साइन थीटा म्हणजे २ साइन (थीटा बाय २) कॉस (थीटा बाय २), हे आठवलं तरच उणे टॅन (थीटा बाय २) मिळतं. ते कॉटमध्ये बदलताना कॉट (९० अंश + थीटा बाय २) येतं. अधिकच्या जागी उणे लिहिलं की उत्तर गेलं, कारण कॉट (९० − थीटा बाय २) म्हणजे अधिक टॅन. शेवटी फाय बरोबर ९० अंश + थीटा बाय २.

बघ, यात पहिल्या सेमिस्टरचं नवीन फक्त कॉट फायचं सूत्र आहे. अडतं ते अर्ध्या कोनाच्या सूत्रांवर, आणि ती पी.यू.सी.ची. सरांकडं जाऊन "पोलर कर्व्ह समजलं नाही" म्हटलंस तर ते परत सुरुवातीपासून कॉट फायचं सूत्र सिद्ध करून दाखवतील, तू मान डोलवशील आणि अडलेली जागा तशीच राहील. "सर, कॉट फाय बरोबर उणे साइन थीटा भागिले १ + कॉस थीटा इथपर्यंत आलो, इथून कॉटमध्ये कसं न्यायचं?" असं विचारलंस तर दोन मिनिटांत काम होतं. कागदावर तिथपर्यंतचं सोडवलेलं घेऊन जा आणि अडलेल्या ओळीखाली रेघ मार. तोंडी सांगायला जमत नसेल तर बोलायचीही फार गरज पडत नाही.

एका पानावर एवढी सूत्रं उतरव: अर्ध्या आणि दुप्पट कोनाची, टॅन (ए + बी), लॉगचे तीन नियम, गुणाकार-भागाकार-चेन रूल, नेहमीची बारा-पंधरा इंटिग्रल्स, पार्शल फ्रॅक्शनच्या तीन तऱ्हा. रोज सकाळी न बघता लिहायचं आणि चुकलेलं लाल पेनानं नीट करायचं. दहा मिनिटं पुरतात. नुसतं वाचून हे पाठ होत नाही.

तिसऱ्या मॉड्युलमध्येही हेच होतं. लिनिअर डिफरन्शियल इक्वेशनमध्ये इंटिग्रेटिंग फॅक्टर काढताना 'ई'चा घात लॉग एक्स आला की ते सरळ एक्स होतं, हे माहीत नसतं म्हणून मुलं तिथंच थांबतात. डीवाय बाय डीएक्स + वाय बाय एक्स = एक्स वर्ग हे घे. फॅक्टर एक्स येतो, मग एक्सवाय बरोबर एक्सचा चौथा घात भागिले ४, अधिक सी. दुसरी चूक म्हणजे डीवाय बाय डीएक्सच्या आधी काही गुणक असेल तर त्यानं आधी सगळ्याला भागायचं राहून जातं आणि 'पी' चुकीचा उचलला जातो.

---

हलकर्णी_अक्का

वरच्यांनी गणिताचं सांगितलंच, मी कुणाकडं जायचं ते सांगते. प्रॉक्टर आणि विषयाचे सर या दोघांची कामं वेगळी आहेत, ती एकमेकांकडं नेली की दोन्हीकडून "बघूया" एवढंच मिळतं.

अडलेलं गणित, चुकलेला प्रोग्रॅम, मार्क्स कुठं गेले हे सगळं विषयाच्या सरांकडं न्यायचं. हजेरी, घरची अडचण, फी, तब्येत, एखाद्या विषयाचे जादा तास व्हावेत असं दहा-बारा मुलांना वाटणं, हे प्रॉक्टरकडं. प्रॉक्टर ते डायरीत लिहितात आणि एच.ओ.डीं.पर्यंत नेतात. तिथं नोंद असली की पुढं हजेरी कमी पडल्यावर तुझ्या बाजूनं बोलायला काहीतरी कागद असतो. म्हणून तोंडी सांगून थांबू नको, "डायरीत लिहून घेता का?" म्हणून विचार.

सरांना गाठायचं कसं? तास संपल्यावर दारात गाठू नको, त्यांना पुढचा वर्ग असतो आणि मागं सहा मुलं उभी असतात. डिपार्टमेंटच्या बोर्डावर टाइमटेबल लागलेलं असतं, त्यात त्यांचा मोकळा तास बघ. आदल्या दिवशी मेल किंवा मेसेज कर, इंग्रजीत चार ओळी पुरतात: नाव, यू.एस.एन. (विद्यापीठाचा नोंदणी नंबर) आणि सेक्शन, विषय आणि मॉड्युल, कुठल्या गणितात कुठल्या ओळीवर अडलंय, आणि तुला जमणाऱ्या दोन वेळा. आख्ख्या पानाचा फोटो पाठवून "सर प्लीज एक्स्प्लेन" एवढंच लिहिलं तर उत्तर येत नाही, कारण त्याला उत्तर काय द्यायचं? एका भेटीत दोनच शंका. तिसरी पुढच्या भेटीला.

भाषेचं मनावर घेऊ नको. बेळगावच्या कॉलेजात बऱ्याच स्टाफला मराठी कळतं, बोलत नसले तरी. ज्यांना कळत नाही त्यांना मोडक्या इंग्रजीत विचार, नाहीतर "सर, ई स्टेप तिळीलिल्ल री" (ही स्टेप कळली नाही) एवढं म्हण. पुढं बोट ठेवायला कागद आहेच. आपण त्यांच्या भाषेत एक वाक्य बोललो की समोरचा माणूस दोन पावलं जवळ येतो, हे या भागात वाढलेल्या कुणालाही सांगायला नको.

बसचं: व्हीटीयूला प्रत्येक विषयात ८५ टक्के हजेरी लागते. ४० तासांचा विषय धरला तर ३४ तास बसायलाच हवं, फक्त ६ चुकवता येतात. आठवड्यातून एक पहिला तास गेला तरी दीड महिन्यात ते ६ संपले. आजारपण वगैरे रास्त कारण असेल तर कागदपत्रं जोडून आणखी १० टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते, खरं बस उशिरा येणं हे त्यात धरतीलच असं नाही. म्हणून एक आधीची बस पकड. आणि त्या बसनं येणारी तुमच्यासारखी मुलं असतील तर सगळ्यांच्या सह्यांचं निवेदन करून, त्यावर प्रिन्सिपॉलांचं पत्र लावून खानापूर आगाराच्या व्यवस्थापकांकडं द्या. त्यात गावाचं नाव, बसची ठरलेली वेळ, प्रत्यक्षात येते ती वेळ आणि पास असलेल्या मुलांची संख्या लिहा. "बस उशिरा येते" एवढ्यावर कुणी वेळापत्रक बदलत नाही, पासांच्या संख्येवर बदलतात.

---

बॅकबेंच_वडगाव

एवढं टेन्शन कशाला घेतोस? सी.आय.ई. कॉलेजवाले काठावर का होईना देतात. पेपरात ३५ काढले की पास. शेवटच्या पंधरा दिवसांत मागच्या पाच वर्षांचे पेपर मार, बास.

---

नियमावली

वरचा सल्ला अर्धवट आहे आणि पहिल्या वर्षाच्या मुलांचं नुकसान यातूनच होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

२०२२ च्या स्कीममध्ये एका विषयाला १०० मार्क्स: ५० सी.आय.ई. आणि ५० एस.ई.ई. (सेमिस्टरच्या शेवटची मुख्य परीक्षा). तिचा लेखी पेपर १०० मार्कांचा, तीन तासांचा, मग त्याचे ५० वर आणतात. पास होण्यासाठी तीन अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात. सी.आय.ई.त ५० पैकी किमान २०. एस.ई.ई.त ५० पैकी किमान १८. आणि दोन्हींची बेरीज किमान ४०. आता हिशोब कर: सी.आय.ई. नेमकी २० असेल तर एस.ई.ई.त १८ नाही, २० लागतात, म्हणजे पेपरात १०० पैकी ४०. सी.आय.ई. २२ झाली तर १८ पुरतात. "३५ काढले की पास" हे वाक्य ऐकून ३६-३७ वर थांबलेली मुलं बेरजेत नापास होतात.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे सी.आय.ई.त २० च्या खाली राहिलास तर त्या विषयाच्या मुख्य परीक्षेला बसताच येत नाही. एस.ई.ई.त नापास झालास तर सी.आय.ई. तशीच राहते आणि पुढच्या खेपेला फक्त पेपर द्यायचा असतो. सी.आय.ई.त राहिलास तर विषय पुन्हा नोंदवून सगळं नव्यानं करावं लागतं. म्हणजे तुझी खरी मुदत सेमिस्टरच्या शेवटी नाही, दुसऱ्या आय.ए.ला आहे. आत्ता मदत मागतोयस ते वेळेवर आहे.

सी.आय.ई. फक्त टेस्टवर ठरत नाही. असाइनमेंटचे मार्क्स असतात आणि या स्कीममध्ये गणितालाही लॅब जोडलेली आहे. लॅबचं रेकॉर्ड दर आठवड्याला सही करून घेतलंस आणि असाइनमेंट ठरल्या दिवशी दिलीस तर हे मार्क्स जवळजवळ हातातले आहेत. टेस्टमध्ये ६ पडलेली मुलं धीर सोडून असाइनमेंटही उशिरा देतात आणि तिथं खरं बुडतात. कुठल्या घटकाला किती मार्क्स आणि ते कसे खाली आणतात हे सिलॅबसच्या पानावरच छापलेलं असतं, कोर्स कोड टाकून व्हीटीयूच्या वेबसाइटवरून तेवढं पान उतरवून घे.

पेपरची रचना पण लक्षात ठेव. पाच मॉड्युल, प्रत्येकातून दोन पूर्ण प्रश्न, त्यातला एक सोडवायचा, प्रत्येकी २० मार्क्स. पहिल्या मॉड्युलमधले दोन्ही सोडवून पाचवा वगळला तर पहिल्यातला एकच धरतात. तीन मॉड्युल पक्के केलेस तर ६० मार्कांपर्यंतचं सोडवता येतं. पाया कच्चा असलेल्यानं पाचव्यापासून सुरू करावं. मॅट्रिक्सची रँक, गॉस एलिमिनेशन, गॉस-सायडल, रॅले पॉवर मेथड, यात ट्रिग्नॉमेट्री लागत नाही, इंटिग्रेशन लागत नाही. नीट आकडेमोड लागते एवढंच.

गॉस-सायडलला एक गोष्ट: समीकरणं जशी दिलीत तशीच घेऊन बसू नको. प्रत्येक ओळीत कर्णावरचा गुणक, चिन्ह न धरता, बाकीच्यांच्या बेरजेहून मोठा आहे का बघ, नसेल तर समीकरणांची जागा अदलाबदल कर. ते न केल्यास आकडे जवळ येण्याऐवजी दूर पळू शकतात आणि मुलाला वाटतं आपली बेरीज चुकली. प्रत्येक फेरीत नवीन मिळालेली एक्सची किंमत लगेच वायमध्ये टाकायची, जुनी नाही. चार दशांश स्थळं धर. पॉवर मेथडमध्ये दर फेरीला सगळ्यात मोठा घटक बाहेर काढायचा, तोच शेवटी सगळ्यात मोठी आयगेन व्हॅल्यू.

कॉलेज ऑटोनॉमस असलेल्यांनी हे आकडे जसेच्या तसे धरू नयेत, तिथं पेपर कॉलेज काढतं आणि नियम कॉलेजच्या हँडबुकात असतात. २०२५ पासून प्रवेश घेणाऱ्यांना नवीन स्कीम आहे, त्या मुलांनी आपल्या स्कीमचं पान बघावं.

---

बॅकबेंच_वडगाव

बेरीज ४० ची अट ध्यानात घेतली नव्हती. बरोबर आहे.

---

सेमीकोलन

सी प्रोग्रॅमिंगमध्ये ११ म्हणजे फार वाईट नाही, गणितापेक्षा लवकर सुधारतं. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे, त्यात सीचे छोटे छोटे व्हिडिओ मराठी आवाजात फुकट मिळतात. एक व्हिडिओ बघायचा, थांबवायचा, तोच प्रोग्रॅम स्वतः टाइप करायचा, मग एक ओळ मुद्दाम बदलून काय होतं बघायचं. नुसतं बघून शून्य उपयोग. शेवटी परीक्षेसाठी तोच प्रोग्रॅम कागदावर लिहून काढ, कारण आय.ए. कागदावर असते आणि तिथं कंपायलर चूक दाखवत नाही.

कागदावर मार्क्स कुठं जातात? स्कॅनएफमध्ये व्हेरिएबलच्या आधीचं & राहतं. तुलना करताना == च्या जागी = पडतं. फॅरनहाइटचं सेल्सिअस करताना ५/९ लिहिलं की दोन्ही पूर्णांक असल्यामुळं त्याचं उत्तर शून्य, आणि पुढं सगळंच शून्य, तिथं ५.०/९ लिहायचं. ॲरेत दहा घटक असतील तर शेवटचा नऊ नंबरचा, लूप दहापर्यंत नेला की बाहेर गेलास. हे चार नीट केलेस तरी फरक दिसेल.

सरांकडं प्रोग्रॅम नेताना "रन होत नाही" म्हणू नको. कंपायलरनं दाखवलेली पहिली एरर लिहून ने. पहिलीच, बाकीच्या बऱ्याचदा तिच्यामुळंच आलेल्या असतात. आणि एरर नसून उत्तर चुकीचं येत असेल तर काय इनपुट दिलं, काय यायला हवं होतं, काय आलं हे तीन ओळींत.

लॅपटॉप नसेल तर कॉलेजची लॅब तासांनंतर वापरायला मिळते का हे लॅब इन्स्ट्रक्टरांना विचार. तेवढ्यासाठी नवीन लॅपटॉप घेऊ नको.

पुस्तकांचं: एआयसीटीईच्या ई-कुंभ पोर्टलवर पहिल्या वर्षाची इंजिनिअरिंगची पुस्तकं मराठीत आणि कन्नडमध्येही फुकट उतरवता येतात. एनपीटीईएलच्या बऱ्याच लेक्चरची लिखित भाषांतरं मराठीत आहेत. मराठीत एकदा वाचून कल्पना बसवायची, मग सराव मात्र इंग्रजीतूनच करायचा, कारण पेपर इंग्रजीत आहे. पेपरातली आठ-दहा ठरलेली वाक्यं असतात, त्यांची सवय कर. 'हेन्स' लिहिलं असेल तर वरचं उत्तर वापरूनच पुढचं काढायचं, वेगळ्या रीतीनं काढलं तर मार्क्स कापतात. 'शो दॅट' असेल तर उत्तर छापलेलंच असतं, मार्क्स सगळे मधल्या स्टेपांना, तिथं उडी मारायची नाही.

---

निपाणी_बीकॉम

मधेच विचारतो. आमच्याकडं प्रॉक्टर वगैरे नाही, राणी चन्नम्मा विद्यापीठाचं साधं डिग्री कॉलेज आहे. अकाउंट्समध्ये ट्रायल बॅलन्स जुळतच नाही. अर्जुननगरला शिकणाऱ्या मित्राच्या नोट्स आहेत, त्या चालतील का?

---

हलकर्णी_अक्का

@निपाणी_बीकॉम, प्रॉक्टर नसला तरी क्लास टीचर किंवा मेंटर नेमलेले असतात, ऑफिसात विचारा. मित्राच्या नोट्स समजून घ्यायला चालतील. परीक्षेला त्यावर विसंबू नका, अर्जुननगरचं कॉलेज कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं. निपाणीपासून हाकेच्या अंतरावर असलं तरी सिलॅबस, पेपरची रचना, सेमिस्टरची वाटणी सगळं निराळं. आपल्या विद्यापीठाचे मागचे पेपर लायब्ररीत बांधून ठेवलेले असतात, ते मागा. आणि यूयूसीएमएसच्या (कर्नाटकातल्या विद्यापीठांच्या ऑनलाइन पोर्टलच्या) लॉगिनमध्ये आपले विषय बरोबर पडलेत का हे परीक्षेचा फॉर्म भरतानाच बघा. भाषा किंवा ऐच्छिक विषय चुकून दुसराच नोंदला गेला असेल तर हॉल तिकीट आल्यावर धावपळ होते.

---

पाटी_खडू

ट्रायल बॅलन्स जुळत नसेल तर पहिल्यापासून परत बेरीज करत बसू नका. दोन्ही बाजूंमधला फरक काढा. तेवढ्याच रकमेची एखादी नोंद उतरवायची राहिलीय का बघा. नाही सापडली तर फरकाच्या निम्मी रक्कम शोधा, ती डेबिटची क्रेडिटला किंवा उलट गेलेली असते, कारण चुकीच्या बाजूला पडली की फरक दुप्पट दिसतो. फरकाला ९ नं भाग जात असेल तर आकड्यांची अदलाबदल झालीय असं समजा, ५४० चे ४५० लिहिले की फरक ९०. एवढ्यावर सापडलं नाही तर कुठल्या खात्यापर्यंत तपासलंय ते लिहून सरांकडं न्या.

---

खानापूर_सेम१

सगळ्यांचे आभार. ब्लू बुक बघितली. गेलेल्या १९ पैकी ११ मार्क्स 'मा'मध्ये आहेत, ४ 'चि'मध्ये, बाकी सूत्राचे. सरांनी शुक्रवारची दुपार दिलीय.

अजून दोन गोष्टी. क्लासचं काय करू? आणि कन्नडचा विषय पण आहे, त्यात बळके घ्यायचं का सांस्कृतिक? दहावीपर्यंत कन्नड होतं, वाचता येतं, खरं सावकाश. आणि खरं सांगायचं तर रात्री झोप नीट लागत नाही, घरी काही सांगितलेलं नाही.

---

नियमावली

कन्नड: ज्यांना बोलता-लिहिता-वाचता येतं त्यांच्यासाठी सांस्कृतिक कन्नड, ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी बळके कन्नड. एकच क्रेडिट, पर्यायी उत्तरांचा ५० प्रश्नांचा पेपर, एक तास. सांस्कृतिकमध्ये कन्नड साहित्यातले उतारे आणि कविता असतात, ते सावकाश वाचणाऱ्याला जड जातं. बळके बोलीचं आहे. तुझी नोंद कशात झालीय ते आधी ऑफिसात बघ. बदलायचं असेल तर सुरुवातीच्या दिवसांतच अर्ज दे, आय.ए. झाल्यावर बदलणं अवघड.

---

पाटी_खडू

११ मार्क्स 'मा'मध्ये, मग क्लास लावू नको. क्लासमध्ये पण पहिल्या सेमिस्टरचाच सिलॅबस वेगानं शिकवतात, पी.यू.सी.चं सुटलेलं तिथं कुणी भरून देत नाही. पैसे जातील आणि संध्याकाळची बसही. त्याऐवजी खानापुरात तुझे पी.यू.सी.चे गणिताचे सर असतील त्यांच्याकडं रविवारी दोन तास मागून घे, सोबत फक्त त्या एका पानाची सूत्रं आणि अडलेली चार गणितं ने. पाया त्यांनी घातलाय, सुटलेला चिरा कुठला ते त्यांना लगेच दिसेल. शिवाय त्यांच्याशी मराठीत बोलता येईल. क्लास घ्यायचाच झाला तर पुढच्या सेमिस्टरला, एखाद्याच विषयाचा, आणि आधी एक तास बसून बघ.

बसमध्ये वर्गातली आणखी दोघंतिघं असतील तर तिघांचा गट कर, तिघांहून मोठा नको. प्रत्येकानं एका मॉड्युलची जबाबदारी घ्यायची आणि शनिवारी रिकाम्या वर्गात फळ्यावर दोन गणितं बाकीच्यांना सोडवून दाखवायची. वहीत बघायचं नाही. फळ्यासमोर अडलं की कुठं अडलं ते लपत नाही, आणि सोमवारी सरांना विचारायला प्रश्न आपोआप तयार होतो.

शुक्रवारी सरांकडं जाताना 'मा'मधली दोनच ने, ज्यांत सगळ्यात जास्त मार्क्स गेले ती. 'चि'वाली नेऊ नको. चिन्हांच्या चुका घरी सुटतात: प्रत्येक ओळीत एकच बदल कर, उणे चिन्ह कंसात लिही, आणि कॅल्क्युलेटर डिग्रीवर आहे का रेडियनवर हे सुरुवातीलाच बघ.

---

हलकर्णी_अक्का

झोपेचं शेवटी लिहिलंस, ते मी वर घेते. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप लागत नसेल, जेवणावरची वासना गेली असेल, तर ते अभ्यासानं सुटत नाही. टेली-मानसचा (मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा) १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास. फोन लागल्यावर भाषा निवडता येते. कॉलेजमध्ये समुपदेशक असतील तर प्रॉक्टरकडं वेळ माग, कारण सांगायला बांधील नाहीस. समोरासमोर डॉक्टरांशी बोलायचं असेल तर बेळगावच्या बिम्स या सरकारी इस्पितळात मानसोपचार विभाग आहे.

आणि घरी सांग रे. मार्क्स किती पडले ते आधी सांगू नको, काय ठरवलंयस ते सांग: शुक्रवारी सरांची वेळ घेतलीय, रविवारी पी.यू.सी.च्या सरांकडं जाणार आहे, सकाळी आधीची बस पकडायची आहे म्हणून डबा अर्धा तास लवकर लागेल. मग आकडा सांग. डब्याची वेळ बदलायची म्हणजे आईला कारण कळायलाच हवं.

---

खानापूर_सेम१

अक्का, आज सांगतो. आणि निवेदनाला बसमधल्या मुलांची यादी करायला घेतलीय, पासवरचे नंबर पण लिहूया का?

---

हलकर्णी_अक्का

हो. नाव, गाव, कॉलेज आणि पास नंबर अशा चार रकान्यांत. दोन प्रती कर, एकीवर आगारात पोच घे.